कळवतो हां

मतदानाला मला अजून तीन वर्षं आहेत, पण मतं आत्ताच भरपूर आहेत. माणसाला आडनावावरून जोखायचं नाही, हे त्यातलं पहिलं. रविवारी सोनिवलीतला आमचा फ्लॅट भाड्याने घ्यायला एक नर्सताई आल्या. "पूर्ण नाव?" पप्पांनी विचारलं. "रुबीना शेख." पप्पांनी हातातली चावी खिशात टाकली. "सोसायटीला विचारून कळवतो हां." "पप्पा, उल्हासनगरात आजोबांनाही आडनाव ऐकून खोलीमालक 'कळवतो' म्हणाला होता. तुम्हीच दर चौदा एप्रिलला सांगता. अजून कळवलेलं नाही त्याने!" "सोनू, गप. लोक काय म्हणतील?" "लोकांशी मी बोलते. वक्तृत्वाची ट्रॉफी उगाच नाही आणली!" ताई हसल्या. पप्पांचा हात बराच वेळ खिशातच होता. मग त्यांनी चावी ताईंच्या हातावर ठेवली. "सेक्रेटरी कटकट करेल," ते म्हणाले, "तू चल बोलायला." मी आधीच चपला घातल्या होत्या.