अजून पिवळा

जपानी शिकायच्या अ‍ॅपवर बातम्या वाचताना अडलेल्या शब्दावर मी बोट ठेवते. तो त्याच्या वाक्यासकट माझ्या यादीत पिवळा होऊन बसतो. पक्का पाठ झाला, की मी त्याला हिरवा करते.

आज दुपारी यादीत मी न टाकलेले तीन जपानी शब्द दिसले. त्यांचे अर्थ: हातोडा, कवटी, तडकणे. तिन्ही पिवळे.

"दादा, माझ्या यादीत लुडबुड केलीस ना?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," स्वयंपाकघरातून दादा हसला. "चहा आणतोय, थांब."

मी वाक्यं वाचली.

'तिने खणातून हातोडा काढला.'

'चहा आणणाऱ्या भावाच्या कवटीवर तिने तो हाणला.'

'पहिल्या घावाने ती तडकली नाही, दुसऱ्याने तडकली.'

संतापून तिन्ही पुसले. तिन्ही परत आले, आणि 'हातोडा' आपोआप हिरवा झाला.

टेबलाचा खण उघडा होता. माझ्या मुठीत लाकडी दांडा होता, घामाने ओला.

"गरम आहे हं, सांभाळून," दादा माझ्या खांद्याशी वाकत म्हणाला.

कप फुटल्याचा आवाज आला.

मी पडद्याकडे पाहिलं. 'कवटी' हिरवा झाला होता.

'तडकणे' अजून पिवळाच होता.