पिठाचे हात

पक्षाची सभा असली की पौडची चाँदबी मांडवामागं भाकऱ्या थापायला असायची. यंदा राज्य अधिवेशन बावधनला भरलं आणि तिच्या गळ्यात पहिल्यांदाच प्रतिनिधीचा बिल्ला आला. तरी सवयीनं पावलं चुलीकडंच वळली. दोन भाकऱ्या झाल्या, तोच कर्णा गरजला, "निम्मी तिकिटं महिलांना, या ठरावाला चाँदबी शेख अनुमोदन देतील!" "पळ की!" चुलीपाशी थापणाऱ्या बाया ओरडल्या. पिठाच्या हातांनीच ती व्यासपीठावर चढली. पाठ केलेलं भाषण विसरली. "आजवर आमी वाढलं," ती म्हणाली, "आता पंगतीलाबी बसू द्या." मांडव टाळ्यांनी दणाणला. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. प्रतिनिधींचे हात वर गेले; मागच्या कनातीवरून पिठानं माखलेलेही उगवले. "तुमी न्हाई, फक्त बिल्लेवाल्यांनी!" कार्यकर्ता खेकसला. हसता हसता चाँदबीला भाकरी करपल्याचा वास आला. पण एकही हात खाली आला नाही.