पहिला कळप

"झाडू का गोळी, बाबा?" इलिसापीने बंदूक खांद्याला लावली. समोर कॅरिबू हरणं उत्तरेची बर्फाळ नदी ओलांडत होती.

"पहिला कळप सोडायचा. मागचे त्याच्याच वाटेने येतात, त्यांतले मारायचे," म्हातारा तुलुगाक म्हणाला. ही रीत त्याच्या आजोबांपासूनची. तेव्हा कळप सरेपर्यंत चहाच्या तीन किटल्या रिकाम्या व्हायच्या. आज पहिलीला उकळी फुटण्याआधीच शेवटचं हरीण पैलतीराला लागत होतं.

"मागे आहे कोण, बाबा?" लेक कळवळून म्हणाली. "हाच पहिला आणि हाच शेवटचा. हिवाळाभर खायचं काय?"

तुलुगाकने नजर पोहोचेल तिथवर माळ न्याहाळला. चिटपाखरूही नव्हतं.

"मग तर याला सोडायलाच हवं," गुडघ्यावर हात टेकून तो उठला. "बंदूक ठेव, जाळं काढ. यंदा मासे खाऊ."