डाव्या कानातली टिकटिक

दुकानाचं शटर डोक्यावर आदळलं, त्याला दोन महिने झाले. जखम भरली, पण उजेड अजून डोळ्यांत खुपतो, चिमट्यातून स्क्रू निसटतात आणि डाव्या कानात टिकटिक चालूच असते.

"मेंदूला मार बसलाय, वेळ लागणारच," डॉक्टर दर वेळी म्हणतात.

तीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. घड्याळ नुसतं कानाला लावलं की मला त्याचं दुखणं कळतं. या कानातल्याचंही कळलंय. चावीचं घड्याळ आहे, आणि चावी संपत आली की होतं तसं रोज थोडं मंदावतंय.

आज जेवताना घास हातातच राहिला. एक ठोका पडला होता, आणि दुसरा काही केल्या येईना.

बायकोला सांगितलं तर ती हसली. "अहो, दुकान डोक्यात शिरलंय तुमच्या. बघू, मला ऐकू दे." तिनं माझ्या कानाला कान लावला.

बराच वेळ ती हललीच नाही. मग तिनं माझी मान खाली वाकवली. तिची बोटं माझ्या केसांत, जखमेच्या वणाभोवती, घाईघाईनं चाचपू लागली.

"अहो, याला चावी कुठून द्यायची?"