सेलरीला मीठ

धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी सापडली आणि कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुडी मुठीत घेऊन त्या तशाच परसात आल्या. त्यांचे यजमान, गजाननराव, सेलरीच्या वाफ्याशेजारी खुर्ची टाकून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

“डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना तुमचं? तुमच्या ब्लडप्रेशरसाठी मी ही सेलरी लावली, रोज कंबर मोडेस्तोवर पाणी घातलं, आणि तुम्ही मीठ चोरून खाता?”

“नुसतं नाही गं. सेलरीला लावून खातो.”

“का? माझ्या सेलरीला काय धाड भरलीय?” म्हणत त्यांनी एक हिरवागार दांडा मोडला आणि कचकन चावला.

तोंड कडूजहर झालं. रोज सकाळी त्या दोन दांडे चिरून नवऱ्यापुढे ठेवत होत्या. स्वतः कधी चाखले नव्हते.

“एवढी कडू? बोलला का नाहीत?”

“तू एवढी राबत होतीस. कसं बोलणार?”

“तोंडानं! बियाणंवाला म्हणाला होता, कडू लागली तर दांड्यांना कागद गुंडाळा, ऊन लागू देऊ नका. एका शब्दानं बोलला असतात तर केव्हाच गुंडाळला असता. इतके दिवस कडू गिळलंत, वर मीठ!”

त्यांनी नवऱ्याच्या हातातला पेपर हिसकला, टराटरा फाडला आणि पहिल्या रोपाभोवती गुंडाळून सुतळीनं करकचून बांधला.

“अगं, कोड्यातले दोनच शब्द राहिले होते!”

“मग गप्प बसा. ते जमतं तुम्हाला.”