निघायचा परवाना

"डिझेलमध्ये पाणी आपोआप येत नाही, साहेब," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने काचेची बाटली उजेडात धरली. खाली पाणी, वर डिझेल.

बोटीचा मालक असलेला निवृत्त फिटर बाटलीकडे न बघताच म्हणाला, "टाकी जुनी आहे. झाकणातून झिरपत असेल."

"मागच्या आठवड्यात पट्टा तुटला. त्याआधी पंप गेला. आता हे." मेकॅनिकने बाटली खाली ठेवली. "चाळीस वर्षं बोटी दुरुस्त करतोय. इतकं कमनशिबी इंजिन बघितलं नाही."

वर डेकवर बायकोच्या चपला वाजल्या. फिटर घाईघाईने कुजबुजला, "तिच्यासमोर काही बोलू नका हं. उगाच घाबरेल."

मेकॅनिकने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. त्याला कळलं होतं. कळू दे बापड्याला, पण हिला कळता कामा नये.

चौतीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. मशीन बंद पडलं की सगळे ज्याला हाक मारायचे, तो. आणि आता तीन आठवडे या परक्या बंदरात स्वतःच्याच बोटीचं इंजिन चोरून बिघडवत बसला होता. लाज वाटत नव्हती असं नाही. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

ही भीती इथवर येतानाच बसली. दुपारी लाटा चढल्या आणि इंजिन खोकून बंद पडलं. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर आकडा येईना, नुसत्या चार रेघा. म्हणजे यंत्रालाही तळ लागत नव्हता. हजार वेळा सोडवलेला नट त्या दिवशी त्याच्या हाताने सुटेना. दहा मिनिटं गेली, कसंबसं इंजिन चालू झालं. आणि बायको? कठडा घट्ट धरून मोठमोठ्याने हसत होती. "काय मजा येतेय हो!" म्हणून ओरडत होती. धन्य ती बाई!

पुढचा टप्पा दोन दिवस, दोन रात्रींचा. मधे किनारा नाही. त्याने डोळे मिटले की त्या चार रेघा दिसायच्या.

तिला सांगणार कसं? "आता जग बघू" हे दोघं निवृत्त झाल्यावरचं, बोट घेतानाचं तिचंच वाक्य. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. धाकटा भाऊ तर म्हणाला, "वहिनी, दादाला पोहता तरी येतं का?" तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हे बरोबर असले की मला कशाचीच भीती नाही." झालं, त्याचं तोंड तिथेच शिवलं गेलं.

लग्नापासून दोघांची वाटणी पक्की होती. यंत्रं त्याची, कागद तिचे. मिक्सरच्या स्क्रूला ती हात लावायची नाही आणि विजेच्या बिलाला तो. ती शाळेत हेडक्लार्क होती. इथेही रोज सकाळी फाइल काखोटीला मारून निघायच्या परवान्यासाठी बंदराच्या ऑफिसात जायची आणि तणतणत परत यायची. एकदा फोटोचा आकार चुकला. एकदा सही निळ्या शाईत हवी होती. एकदा साहेबच रजेवर.

"सरकारी काम, सहा महिने थांब," ती म्हणायची. "देश बदलला तरी तेच."

तो वरवर हळहळायचा आणि मनातल्या मनात त्या कारकुनाचे पाय धरायचा.

पण आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून वाऱ्याचा मोसम. लहान बोटींना चार महिने बाहेर पडायची बंदी, अशी नोटीस धक्क्यावर लागली होती. आजचा दिवस टळला की बोट इथेच ठेवून विमानाने घरी. फक्त आजचा दिवस.

मेकॅनिकने टाकी रिकामी केली, धुतली, नवं डिझेल भरलं. मग झाकणाला कुलूप लावलं आणि फिटरकडे बघत किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

"झालं?" बायकोने विचारलं.

"झालं. आता खुशाल जा कुठेही."

तिने हातातली किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग तिने टाळी वाजवली. "वा! सुटलो एकदाचे! आता घोडं फक्त कागदांपाशी अडलंय. पाण्याचे कॅन सांगून येते आणि तशीच ऑफिसात जाते. आज शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही, बघाच तुम्ही. अहो, चेहरा का असा झालाय?"

"आनंद झाला गं," तो म्हणाला.

ती दुकानांच्या गल्लीत वळली तसा तो उलट्या दिशेने पळत सुटला. या वयात असं पळणं बरं नव्हे, पण जिवाशी गाठ होती.

ऑफिस म्हणजे एक खोली, एक पंखा, एक खिडकी आणि भिंतीलगत एक बाक. या खोलीत त्याने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. खिडकीमागे कारकून पेन्सिलला टोक करत होता.

"साहेब, एक विनंती आहे." त्याला धाप लागली होती. "आमच्या बोटीचा परवाना आज देऊ नका."

कारकुनाने मान वर केली. "देऊ नका?"

"मला भीती वाटते हो समुद्राची. फार भीती वाटते. झोप लागत नाही. बायकोला सांगायची सोय नाही, तिचा सगळा जीव या प्रवासात अडकलाय. ती आत्ता येईल. फक्त आजचा दिवस अडवा. काहीतरी चूक काढा. रोज काढताच की!"

"मी? चूक?" कारकुनाला राग आला. त्याने बोटीचा नंबर विचारला, रजिस्टर उघडलं, रकान्यावरून बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. मग त्याने रजिस्टर फिटरकडे वळवलं.

"तुमचा परवाना पहिल्याच दिवशी दिलाय, शिक्क्यासकट. तुमच्या बाईंच्या अर्जात काढायला चूकच नव्हती. तरी त्या रोज येतात, त्या बाकावर तासभर बसून राहतात, आणि जाताना एकच विचारतात, दिलेला परवाना रद्द करता येतो का?"