मुळासकट

"आप्पा, ते म्हणतेत, आधी जुनं सगळं मुळासकट काढायचं," मोबाइल कानाशी धरून सुरेखा म्हणाली.

आप्पासाहेबांनी खुर्ची सुनेच्या शेजारी ओढली. "मुळासकट? माझ्या जॉबच्या फायली बी जातेत का काय?"

"नाही जात. त्या आधी मी पेनड्राइव्हवर घेते."

"अन् त्याला स्पीकरवर टाकू नको. पुणेकराचा आवाज ऐकायचा नाय मला."

चिकलठाण्यातल्या त्यांच्या छोट्या वर्कशॉपमधला कॉम्प्युटर सकाळपासून रुसला होता. मशीननं लोखंड कुठून कापायचं, किती खोल जायचं, कुठं वळायचं, हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं तेच उघडत नव्हतं. त्याशिवाय मशीन म्हणजे नुसता लोखंडी देव. आणि दसरा परवावर आलेला.

सॉफ्टवेअर बसवलं होतं गोकुळनं. पुणेकर म्हणतात तो हाच, आप्पासाहेबांचा एकुलता एक मुलगा आणि सुरेखाचा नवरा. गेल्या वर्षी तो बापाला म्हणाला, हे जुनं मशीन आता काढा. बाप म्हणाला, त्यापेक्षा तूच निघ. आणि दीडशहाणा खरंच निघाला, पुण्याला नोकरी धरली. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. सुरेखाची नोकरी इथंच, एका कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये, म्हणून ती सासूसासऱ्यांजवळ राहिली. सुट्टी मिळाली की तीच पुण्याला जाऊन यायची आणि इकडचा निरोप तिकडं न्यायची. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही म्हणतात. खरं आहे, पण काठी धरणाऱ्यांचे हात तरी दुखायला हवेत की नाही?

दसऱ्याला मशीनची पूजा दोघं मिळून करायचे. गेल्या वर्षी आप्पासाहेब एकटेच हार घेऊन उभे राहिले, मधेच तो सुरेखाच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिच्या मनातून ते जाता जात नव्हतं. यंदा मशीनपुढं दोघंही हवेत, एवढंच तिला हवं होतं.

फायली पेनड्राइव्हवर गेल्या. सॉफ्टवेअर काढायला लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकली आणि संपली.

"झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाही. वरचंच गेलं. आतल्या कोपऱ्यात त्याचं जुनं फोल्डर राहतं. ते ठेवून नवीन टाकलं, तर नवीन बी बिघडतं म्हणतेत."

"म्हणजे गेलो म्हणायचं अन् जायचं नाय. पुणेकरावरच गेलंय."

सुरेखानं फोल्डर शोधलं, उडवलं, आणि ओके दाबता दाबता म्हणाली, "ओके कर म्हणतेत."

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत करायला काही नव्हतं. आप्पासाहेबांनी खिशातला मोबाइल काढून बघितला आणि परत ठेवला. "विचार त्याला, जेवला का."

सुरेखा क्षणभर ऐकत राहिली. "जेवले म्हणतेत."

"काय जेवला?"

"पिठलं."

"पुण्यात पिठलं? कोणी केलं?"

"यांनीच. स्वतः."

"आं? इथं पाण्याचा तांब्या बी हातानं घेत नव्हता!"

चहा घेऊन आलेल्या सासूनं, सारजाबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सुरेखाला गलबलून आलं. लेकाची आठवण अशी पिठल्यावरून येते, तिनं ओळखलं.

"आई, रडू नका ना. ते येतील," ती हळूच म्हणाली. सारजाबाईंचे खांदे आणखीच हलले आणि त्या कपबशा तशाच ठेवून बाहेर गेल्या.

नवीन सॉफ्टवेअर बसू लागलं. सुरेखा पडद्याकडं बघत म्हणाली, "आप्पा, तुमच्या गुडघ्याला तेल लावता का, विचारतेत."

"असं विचारतो? स्वतः होऊन?"

"स्वतः होऊन. रोजच विचारतेत."

"रोज! लई माया आली म्हणायची." आप्पासाहेबांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसले. "अन् मशीनचं काय म्हणतो? आता बी भंगारच म्हणतो का?"

"नाही हो. म्हणतेत, त्याच मशीनवर हात बसला म्हणून पुण्यात निभावलं."

आप्पासाहेबांची बशी ओठाशी थांबली. जरा वेळानं त्यांनी ती खाली ठेवली.

सॉफ्टवेअर उघडलं. सुरेखानं जुन्या फायली परत टाकल्या, आप्पासाहेबांचे सगळे जॉब ओळीनं पडद्यावर आले. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. तिनं तो ठेवला नाही, उलट कानाशी आणखी घट्ट धरला.

"आप्पा," ती म्हणाली, "ते म्हणतेत, तेव्हा मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं. आप्पांनी बोलावलं, तर दसऱ्याला येतो म्हणतेत."

आप्पासाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"बोलावलं तर? घर काय लोकाचं हाय का? त्याला म्हणावं, मी बी लई ताणलं. बापानं इतकं ताणू नाय. ये म्हणावं. तुझ्याबिगर हार घालवत नाय मला."

सुरेखाचे डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं आणि फोनमध्ये म्हणाली, "अहो, ऐकलंत ना? आप्पा काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

आप्पासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशातल्या मोबाइलमधून गोकुळचा आवाज आला, "पिठल्यापासून सगळं ऐकलं. आता तो बंद फोन कानाचा काढ, सुरेखा."